कोरियन नायकाचा मराठी आवाज

इंग्लंडात, रीडिंग गावी, आमच्या शेजारच्या घरात यतीन राहतो. पस्तिशी उलटलेली, सॉफ्टवेअरचं काम, तेही घरूनच. पोस्टमनने गुड मॉर्निंग म्हटलं तरी घाम फुटावा असा स्वभाव. उभं आयुष्य संगीत नाटकांत काढलं मी, पण इतका सुरेख खर्जातला आवाज इतका लपवून ठेवणारा माणूस पाहिला नव्हता.

तो आवाज मला सापडला एका कोरियन मालिकेमुळे. मोठ्या शहरातली एकटी, थकलेली माणसं, बसथांब्यावर बसून नुसती एकमेकांकडे बघणारी. मला ती फार आवडली, पण पडद्याखालची इंग्रजी अक्षरं माझ्या डोळ्यांना झेपेनात. म्हणून रविवारी दुपारी यतीन येऊन ती मराठीत वाचून दाखवू लागला. सुरुवातीला स्टेशनवरच्या घोषणेसारखा. मग एका भागात नायक आईला फोन करतो, तिथे त्याने असा हुंदका दिला की माझी लेक स्वयंपाकघरातून धावत आली.

हळूहळू ओळखीची माणसं जमू लागली. नायिकेचा आवाज द्यायला अर्चना आली. लेस्टरला वाढलेली, इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. मराठी मोडकं, पण रडणं अस्सल. कोरियातल्या दुःखावर आम्ही चकल्या खात रडायचो आणि रडता रडता हसत सुटायचो.

यतीन तिच्या प्रेमात पडलाय हे सगळ्यांना दिसत होतं. तिला दिसतंय का, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. अशात तिला बर्मिंगहॅमला नोकरी लागली. रविवारी मालिकेचा शेवटचा भाग, सोमवारी ती जाणार. मी यतीनला म्हटलं, आज बोललास तर बोललास. तो म्हणाला, "काकू, लिहिलेलं असलं तर बोलता येतं हो."

शेवटच्या भागात पुन्हा तोच बसथांबा. नायक-नायिका गप्प. पडद्याखाली एक अक्षर नाही. त्या शांततेत, नायकाच्या खर्जात, यतीन बोलला, "तू गेल्यावर मी रविवारी काय करू? बर्मिंगहॅमला येत जाऊ का?"

कोरियात बर्मिंगहॅम कुठून आलं, असं माझा जावई संजय विचारायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग खोलीभर उजेड पडला. गाणाऱ्या नटाने सुरांची चांगली जागा घेतली की नाटकवेडी माणसं जे करतात तेच आम्ही केलं. टाळ्यांचा कडकडाट, आणि एका सुरात "वन्स मोअर". नट अशा वेळी खुशीत पुन्हा गातो. यतीनने मात्र होती नव्हती ती सगळी हिंमत एकदाच खर्चून टाकली होती. त्याने उशीत तोंड खुपसलं.

"अहो, त्याला पुन्हा बोलायला लावू नका, तो फेंट होईल," अर्चना म्हणाली. मग उशीकडे वळून, "ये ना, यतीन. एव्हरी संडे. मी किती वीक्स वेट केलं, तुला काही कळतच नाही."

पुढचा वन्स मोअर तिला मिळाला, आणि तिने ते सगळं पुन्हा म्हटलंही.

या गोंधळात मालिका केव्हाच संपून गेली. त्या कोरियन जोडप्याचं पुढे काय झालं, ते आम्हाला अजून माहीत नाही. वाचून दाखवणारा रविवारी घरी नसतो.