दुसऱ्याच्या दारातले फोटो

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की लाज वाटते. मी तेव्हा वारासिवनीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तोच एक बाई तणतणत आत आल्या. "साहेब, आम्ही इथं भाड्यानं रायतो. एक अनोळखी बाई येते, आमच्या दारात उभी रायते. संगचा माणूस तिचा फोटो काढते अन् दोघं निघून जाते. वर्षात तीनदा झालं. जादूटोणा तं नाही ना?"

हवालदार हसला. मीही हसलो. मग वर्णन विचारलं आणि चपापलोच. परदेशी नागरिकांच्या फाइलमधली श्रीलंकेची बाई ती! इथल्या मुलाशी लग्न करून आलेली, आता विधवा. तिला वेळोवेळी पत्ता कळवावा लागे आणि त्याची पडताळणी आमच्याकडे येई. पत्ता खोटा ठरला, तर तिला देश सोडावा लागणार होता.

फाइल मागवली. तीन पडताळण्या, तीन फोटो, दार तेच. पण प्रत्येक फोटोत तिच्या खांद्याला पिशवी आणि पायात धुळीनं माखलेल्या चपला. आपल्याच घराच्या दारात असं कोण उभं राहतं? खाली शेरा होता, 'प्रत्यक्ष खात्री केली.' सही माझी.

तिचे कागद करून देणाऱ्या एजंटाला बोलावलं. "सगळं नियमानं केलं, सर," त्यानं ठणकावलं. मी फोटो पुढे ठेवले आणि गप्प बसलो. दरडावलं की माणूस खोटं घट्ट धरून बसतो. गप्प बसलं की त्याचं त्यालाच राहवत नाही. "ती सासूकडे गावी गेली, साहेब. नवा पत्ता टाकला असता तं चौकशी पुन्हा पयल्यापासून. म्हणून जुनाच चालवला. फोटो हवालदार साहेबांच्या मोबाईलवर धाडत होतो." हवालदारानं मान खाली घातली.

त्या श्रीलंकेच्या बाईचा जबाब घ्यायला मी स्वतः तिच्या सासूच्या गावी गेलो. ती गोंधळून गेली. "एजंटभाऊ म्हणे, जुन्या दारात उभं राहाच लागते. म्हणून बसनं येत होती. मले वाटलं, तुमच्या देशात असाच कायदा असन." बोली तिनं सासूकडूनच उचललेली.

आंधळी सासू खाटेवरून म्हणाली, "इले घेऊन चालले का जी? मंग मले पाणी कोण देईन? पत्ताच पाह्यजे ना तुमाले? लिहा, माह्या खाटेपाशी."

मी जबाबात तोच पत्ता लिहून घेतला.

एजंटावर गुन्हा नोंदवला. बाईचा दोष नाही, असा अहवाल पाठवला, आणि न पाहता सही मी केली, हेही त्यात लिहिलं. वरून खरमरीत नोटीस आली. हवालदाराबरोबर माझ्याही सेवापुस्तकात शेरा पडला. बाईला मात्र राहण्याची मुदत वाढवून मिळाली.

नोकरीत मी पुष्कळांचे खोटे जबाब पकडले. त्या फाइलमध्ये सगळ्यात मोठं खोटं माझ्या हातचं होतं, आणि त्याखाली सही करताना मला क्षणभरही थांबावंसं वाटलं नव्हतं.