जळकी ढोली

हे मी इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सदानंद गेला तो माझ्या सहीमुळे.

आम्ही एकाच जहाजावर होतो. मी सेकंड इंजिनिअर, तो फिटर. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा मीटरनं तपासायची आणि मगच परवान्यावर सही करायची, असा नियम. त्या दिवशी घाई होती. मी न तपासताच आकडे भरले. "साहेब, उतरू ना?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. तो उतरला आणि आतच गुदमरला. चौकशीआधी मी तो परवाना फाडून टाकला. अहवालात आलं, फिटर परवानगीशिवाय उतरला. त्याचा देह वेंगुर्ल्याला घरी मीच पोचवला, तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्याच पाया पडल्या.

पुढे समुद्र सोडून सिंगापूरच्या सेम्बावांगला राहिलो. रोज दत्ताच्या नावाची माळ ओढायचो. ओठ हलायचे, आत काही उतरत नसे.

यंदा सदानंदच्या तिथीला घरी बसवेना. एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, निघालो आणि शहरातल्या मोठ्या बागेतल्या थंड काचघरात शिरलो. आत धुकं सोडलेलं. कॅलिफोर्नियाहून आणलेलं रेडवूडचं खोड तिथे उभं केलं होतं, सात-आठ जणांच्या कवेत न मावणारं. बुंध्याला माणूस मावेल एवढी जळकी ढोली. धुक्यात ती मला औदुंबराखालच्या गाभाऱ्यासारखी दिसू लागली. किती वेळ उभा होतो, कोण जाणे.

माहिती सांगणारी एक चिनी आजी जवळ आली. "अंकल, हात घाला आत. घाबरता काय? काळा होईल, एवढंच लाह!" इथल्या बोलीतलं 'लाह' शेवटी जोडत ती हसली. "जळल्यावरही हे शेकडो वर्षं वाढलं. ही जखम उघडीच राहिली, आणि झाड कडेकडेनं वाढत गेलं."

मी हात घातला. बोटं काळी झाली. तेवढ्यात फोन वाजला. दरवर्षी तिथीचं पान वाढून झालं की वहिनींचा येतो, तसाच.

"भावोजी, कावळा लगेच आला हो! वडे दिसले की तुमच्या मित्राला कुठला धीर?" मग म्हणाल्या, "मंजू येतेय सिंगापूरला, पहिल्याच जहाजावर चढायला. तुम्हीच दम भरा लेकीला. बापासारखा हलगर्जीपणा करू नकोस म्हणावं."

एरवी मी 'हो' म्हटलं असतं. समोर काळा हात होता.

"वहिनी, हलगर्जीपणा त्याचा नव्हता. माझा होता."

सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगितलंत. आता मंजूला सांगा. समोर बसवून." फोन बंद झाला.

आजी धुक्यात कुठे गेली, दिसली नाही. तिला कोणी धाडलं, यावर मी वाद घालणार नाही. परतताना गाडीत दत्ताचं नाव आपसूक तोंडी आलं, आणि या वेळी आतपर्यंत गेलं. ओझं देवाच्या पायाशी टाकलं की सुटलो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यानं ते उचलून माझ्याच हातात दिलं आणि कुठल्या दारी न्यायचं ते दाखवलं. त्याची कृपा मी याहून वेगळी काय मागू?

मंजू रविवारी आमच्याकडे जेवायला येते आहे. तिच्या वडिलांचं निर्दोष नाव तिला परत देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.