झाओच्या काकांची बाजू

सुनेने आमच्या हिच्यासाठी ट्रॅक पँट आणली आणि मी दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही.

आखातातल्या अल रीम आयलंडवर मुलाकडे आम्ही दोघं तीन महिने राहायला आलो होतो. परतायला आठ दिवस उरले असताना बायकोने जाहीर केलं, जायच्या आत मला सायकल शिकायची आहे. वय पासष्ट. सायकल सुनेची, रस्ता खालचा, समुद्राकडेचा, आणि गुरू अकरा वर्षांची नात. अडचण काय ती साडीची, तीही सुनेने ट्रॅक पँटची पिशवी आणून सोडवली. "या वयात हाडबीड मोडलं म्हणजे?" असं मी म्हणालो खरं, पण मला हाडांची काळजी नव्हती. त्याच बिल्डिंगमध्ये आमच्या गावाकडचं एक कुटुंब राहतं. हिला पँटमध्ये बघून ते काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात होतं.

त्याच आठवड्यात नातीला शाळेत प्राचीन चीनमधल्या झाओ राज्यावर बोलायचं होतं. मी चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला, पण आमच्या पुस्तकात चीन दीड पानात उरकलेला. म्हणून तिच्या शेजारी वाचायला बसलो आणि रमलोच.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. चीनमधली राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली, आणि झाओच्या उत्तर सीमेवर घोडा दौडवत बाण मारणाऱ्या भटक्या टोळ्या. झाओचे सरदार मात्र पायघोळ झग्यात, रथात उभे राहून लढणारे. रथ डोंगर चढेना, आणि झगा घालून घोड्यावर मांड ठोकता येईना. शेवटी राजाने ठरवलं, टोळीवाल्यांसारख्या विजारी घालायच्या आणि घोड्यावर बसून बाण मारायला शिकायचं. दरबार हादरला. राजाचे काका तर आजारी असल्याचा निरोप पाठवून घरीच बसले.

"काकांचं काय चुकलं?" मी नातीला म्हणालो. "पूर्वजांची रीत म्हणून काही आहे की नाही? उद्या परक्यांचे कपडे घातले तर आपलं आपल्याकडे काय उरलं? आणि लोक हसतील ते वेगळंच!" माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता.

"आजोबा, यू आर टेकिंग हिज साइड!" नात म्हणाली. "बट ही लॉस्ट. किंग वेंट टू हिज हाउस. नेक्स्ट डे अंकल केम इन पँट्स."

स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं. पाठोपाठ हात पुसत ही बाहेर आली.

"ते काका निदान आजारी तरी पडले. तुम्ही नुसतेच फुगून बसलात," ती म्हणाली. "बालवाडीत नोकरी लागली तेव्हाही मी म्हटलं होतं, सायकल शिकते. आठवतं?"

आठवत होतं. बालवाडी गावाबाहेर, अर्ध्या तासाच्या वाटेवर. मी म्हणालो होतो, ते अवघड असतं, महिनेच्या महिने जातील, आणि साडी नेसून सायकलवर बसलीस तर गाव हसेल. सव्वीस वर्षं ती चालत गेली. मी मात्र रोज सायकलने शाळेत जात होतो. हे लिहितानाही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी मीच तिच्या हातात दिली आणि इथल्या अरबीत म्हणालो, "चला, यल्ला!" नात सोफ्यावर हसून लोळली.

लांब कुर्ता आणि पँट घालून ही लिफ्टमध्ये शिरली, तर आत नेमके गावाकडचे ते गृहस्थ आणि त्यांची बायको. मी अंग चोरून उभा राहिलो. पँटचं कारण कळताच ती बाई म्हणाली, "काकू, जमलं की मला पण शिकवा हं. प्रॉमिस!"

पहिल्या दिवशी ही दोनदा पडली आणि दोन्ही वेळा मलाच रागावली. दुसऱ्या दिवशी झाडाच्या कुंडीवर जाऊन आदळली. सीट धरून मागे पळताना माझी चप्पल तुटली आणि सून हसत व्हिडिओ काढत राहिली. इतकं मनमोकळं आम्ही दोघं कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

चौथ्या दिवशी ती सुटली. आधी वेडीवाकडी, मग सरळ, पार टोकाच्या बाकापर्यंत. नात ओरडत मागे धावली. मी भर रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो, कोण बघतंय याची मला शुद्धच नव्हती.

वळून ती माझ्यापर्यंत आली, ब्रेक दाबला, एक पाय टेकवला. चेहरा लाल, केस सुटलेले. धापा टाकत म्हणाली,

"अहो, चारच दिवस लागले."