परस्पर दुरुस्त केलेली पत्रं

माझी जीभ तिखट आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला लिफ्टपाशी पाहिलं की जिन्याने जातात. भाजीवाला मला भाव सांगताना आधी घसा साफ करतो. आणि अशी ही मी, तीन वर्षं एका भल्या माणसाला ‘तुमचं हे चुकतंय’ एवढं सांगू शकले नाही!

खराडीतल्या एका कंपनीत मी टीम लीड आहे. परदेशातली एक कंपनी वॉशिंग मशीन बनवते. तिच्या ग्राहकांच्या तक्रारींना आम्ही इथून इंग्रजीत उत्तरं लिहितो. टीममध्ये सहा जण. त्यातला एक यवतमाळकडचा, तिशीचा, लग्न झालेला, कामाला वाघ. सगळ्यांच्या आधी येणार, सगळ्यांना चहा विचारणार, सुट्टीवरून येताना माझ्यासाठी आठवणीने संत्रा बर्फी आणणार. “मॅडम, तुमच्या हाताखाली लई शिकून राहिलो,” असं म्हणायचा. काय शिकत होता, कप्पाळ!

कारण त्याची पत्रं चुकायची. इंग्रजी बरं होतं, पण हा तक्रारीच्या पहिल्या चार ओळी वाचायचा आणि उत्तराला लागायचा. ग्राहकाने खाली लिहिलेलं असायचं की बाबांनो, तुमचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला, मशीन गळतंच आहे. आणि आमचं उत्तर काय, तर आम्ही लवकरच मेकॅनिक पाठवतो. शिवाय गोडाऊनला न विचारता सुटे भाग पोचायच्या तारखा देऊन टाकायचा. पत्रं आधी माझ्याकडे यायची आणि मग बाहेर जायची, अशी आमच्याकडे पद्धत पडली होती. मी त्याचं पत्र उघडायची, पाच मिनिटांत बदलायची आणि पाठवून द्यायची. सांगत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं. घरीही मी कामाच्या बाई गेल्या की त्यांनी घासलेली भांडी परत विसळते. नवरा एकदा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “ऑफिसातही हेच चालतं वाटतं.” मी त्याला चांगलं सुनावलं. खरं बोलला होता, म्हणूनच.

तसं मी मुळात घाबरट नव्हते. त्याच्या आधी एक मुलगी होती. तिला मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, “हे पत्र लिहिलंय की पाट्या टाकल्यात?” ती बाथरूममध्ये रडली आणि महिन्याभरात नोकरी सोडून गेली. मला वर बोलावून ‘जरा सौम्य बोलत जा’ अशी समज मिळाली. सौम्य कसं बोलायचं ते मला येईना, म्हणून मी बोलणंच बंद केलं. दर वर्षी त्याच्या मूल्यमापनात ‘उत्तम’ लिहिलं आणि सुटले.

मग एआय आलं. पत्राचा कच्चा मसुदा आता तेच लिहिणार, माणसाने फक्त तक्रार नीट वाचून तो बरोबर की चूक हे ठरवायचं. आम्हाला दोन दिवसांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं. त्यात कागदी कपांचा मनोरा बांधायचा होता. माझ्या गटाचा मनोरा सर्वांत आधी उभा राहिला, कारण तो मी एकटीने बांधला. बाकीचे चौघे कप हातात धरून उभे होते. मी खूश. प्रशिक्षकाने माझ्या कागदावर लिहिलं, ‘इतरांना करू देत नाही’. मी तो कागद रागाने पर्समध्ये कोंबला.

पुढच्याच आठवड्यात माझ्या साहेबांनी बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण डोकं थंड. सहा जणांपैकी चौघेच ठेवायचे, असं वरून आलं होतं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोणाचं पत्र जसंच्या तसं गेलं आणि कोणाचं मी बदललं, सगळं नव्या सॉफ्टवेअरने मांडलं होतं. यवतमाळकराचं न बदललेलं पत्र शोधावं लागत होतं.

“आणि मूल्यमापनात ‘उत्तम’?” साहेबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “एक महिना देतो. त्यांची पत्रं थेट जाऊ द्या. तुम्ही हात लावायचा नाही. बोला, शिकवा, काय हवं ते करा. पण त्यांची नोकरी पणाला लागलीय, हे त्यांना आधी सांगा.”

आणि मी त्याला काय सांगितलं? “आजपासून तुम्ही पत्रं थेट पाठवायची. मोठे झालात आता.” बस्स. त्याचा चेहरा असा उजळला की पुढचं मी सांगितलंच नाही. त्याला वाटलं, बढतीच मिळाली. दुपारी सगळ्यांना पेढे वाटले त्याने. मी तो पेढा कसा गिळला ते मला ठाऊक.

त्या महिन्यात मला धड जेवण गेलं नाही. त्याने पत्र पाठवलं की मी उघडून वाचायची. चूक दिसायची, हात माऊसवर जायचा, मी तो मागे घ्यायची. उद्या नक्की सांगू, असं रोज ठरवायची. एक दिवस त्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी कसं सांगणार? एक दिवस तो फारच आनंदात होता. तिसऱ्या आठवड्यात शेवटी धीर केला आणि त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, “काय हो, तक्रार शेवटपर्यंत वाचायला वेगळा पगार द्यावा लागतो का तुम्हाला?”

तो खदखदून हसला. शेजारच्याला म्हणाला, “पुण्याची माणसं बोलतेच अशी, बाप्पा. मनावर नाही घ्यायचं.”

मीही हसले! आणि जागेवर येऊन बसले. टोमणा मारला की मला बोलल्याचं समाधान मिळतं, समोरच्याला मात्र काहीच कळलेलं नसतं. हे तेव्हा उमगलं, आणि उमगूनही मी उठून परत त्याच्याकडे गेले नाही.

महिना संपला. कमी करायच्या दोघांची यादी आली, त्यात त्याचं नाव होतं. त्याला कळवायचं काम साहेबांनी केलं, तेवढंही मी केलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. दोन वर्षांपूर्वी त्याने पुण्याच्या कडेला, मांजरी भागात फ्लॅट घेतला होता, गावाहून आई-वडिलांना आणलं होतं. मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर फार बरं झालं असतं.

“मॅडम, दर वर्षी तुम्ही ‘उत्तम’ लिहिलं,” तो म्हणाला. “म्हणून मी इथंच घर घेतलं. साहेब म्हणाले, माझी पत्रं तुम्हीच बदलून राहिल्या होत्या. आता तरी सांगा, माझं काय चुकत होतं?”

टोमणा एकही आठवला नाही. मी साधं सांगितलं. तक्रार शेवटपर्यंत वाचत नाही. ग्राहकाला खरा राग कशाचा आलाय ते बहुतेक वेळा शेवटच्या ओळींत असतं. तारीख देण्याआधी गोडाऊनला फोन करायचा. त्याची दोन पत्रं मी फोनवर उघडून दाखवली. पहिल्यातली चूक मी दाखवली. दुसऱ्यातली मी बोट ठेवायच्या आत त्याने दाखवली. जेमतेम दहा मिनिटं लागली असतील. त्याने सगळं एका कागदावर लिहून घेतलं.

“एवढंच होतं, मॅडम?”

मी हो म्हणाले.