वाकळ शिवणारी जाऊ

मी मराठी घेऊन एम.ए. झालेली. माझ्या कथा दर वर्षी दिवाळी अंकांकडे जायच्या आणि ‘साभार परत’ शेरा घेऊन यायच्या. तरी घरात लेखिका मीच. सासरे पाहुण्यांना तशीच ओळख करून द्यायचे.

दोन हजार सालानंतर धाकट्या दिरानं घरात इंटरनेट घेतलं आणि त्याची बायको, कोडोलीची, दहावी शिकलेली माझी जाऊ, एका मराठी संकेतस्थळावर लिहायला लागली. काय लिहिलं? जुन्या लुगड्यांची वाकळ कशी शिवायची! महिन्याभरात पुण्यातल्या, दुबईतल्या बायका आपापल्या वाकळांचे फोटो तिथं टाकू लागल्या. अमेरिकेतल्या एकीनं तर जुन्या पडद्यांची शिवली. सासरे आता पाहुण्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून ते फोटो दाखवायचे. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? तिनं भाजी वाढली तरी ती मला गोड लागत नसे.

शेवटी राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत जाऊन मी तिच्या लेखाखाली खोट्या नावानं लिहिलं, ‘बाई, वाकळ मधूनच शिवायला घेतली की कापडाला घोळ येतो. कडेनं सुरू करून आत यायचं असतं. येत नाही ते शिकवू नये.’ एवढ्यावरच थांबायचं होतं. पण मग माझी आई कशी शिवायची तेही आलं. थर अंथरून ती चार कोपऱ्यांवर पितळी तांबे ठेवायची, दोरा मेणावरून ओढून घ्यायची, आणि कुठल्या मावशीचं लुगडं कुठल्या थरात गेलंय ते टाके घालता घालता सांगायची. वेळ संपल्याचं कॅफेवाल्यानं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं उठले.

दुसऱ्या दिवशी जावेनं मला कॉम्प्युटरजवळ बोलावलं. “अक्का, एका बाईनं मला लई झाडलंय. पर खरं हाय तिचं. मी मधनंच सुई घातलीती.” मग तिनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. आईचा भाग तर तिनं दोनदा वाचला. खाली सात-आठ जणींनी लिहिलं होतं, ‘अजून लिहा, वाट बघतोय.’ इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्याला आलेली ती पहिली उत्तरं, आणि ती माझी आहेत म्हणायची सोय नव्हती.

“ही बाई खरी लिवणारी हाय,” जाऊ अगदी मनापासून म्हणाली. “तुमीबी वाचत जावा की हिचं, अक्का. तुमच्या गोष्टींस्नी उपेग हुईल.”