गोपीनाथाच्या निवट्या आणि भाद्रपद

ठाण्याच्या कचेरीत कागदांच्या नकला करणाऱ्या गोपीनाथाला एका जागी बसवत नसे. लिहिताना हात मुकाट्याने चाले, पण मेजाखाली पाय हलत राहत. कारण एक मासा होता.

खाडीला ओहोटी लागली की चिखलावर निवट्या येतात. पुढच्या दोन परांवर अंग रेटत चालतात आणि बेडकासारखे डोळे वर काढून बसतात. सारं ठाणं हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलं होतं, आणि त्यावर साऱ्यांचं मत एकच होतं: आमसुलात बऱ्या लागतात. गोपीनाथाने मात्र कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की जमिनीवरचे प्राणी फार पूर्वी पाण्यातून वर आले. तेव्हापासून त्याची झोप उडाली. मग ही निवटी पाण्यातून बाहेर निघालीय, की बाहेरच्याला कंटाळून परत चाललीय?

"ही येतेय की जातेय, सांग बरं," त्याने बायकोला विचारलं.

"तुम्ही दारात उभे असता तेव्हा मलाही तेच कळत नाही," सुमती म्हणाली.

मुंबईत प्राण्यांचा अभ्यास करणारं एक मंडळ होतं. गोपीनाथाने तिथे पत्र धाडलं. त्यातल्या श्रीपादराव नावाच्या प्रभू गृहस्थांनी त्याला कळवलं की बरणीतले मेलेले मासे आमच्याकडे पुष्कळ आहेत; जिवंत मासा चालताना दाखवणार असाल तर एका रविवारी येतो. आपलं कोडं ऐकून घेणारा माणूस गोपीनाथाला प्रथमच मिळत होता.

त्याने परसात कुंडी मांडली: निम्मा चिखल, निम्मं खाडीचं पाणी, मधे दगड. निवट्या दिवसभर दगडावरच असत. एक तर त्याच्या बोटावरची मुंगी टिपायला लागली. घरात श्रावण पाळत असल्यामुळे मासळीला कोणी शिवत नव्हतं. इतकं सुरक्षित मत्स्यालय मुंबईतही नसेल, असं त्याला वाटे. आळीत मात्र बोलणं होई, की लोक श्रावण संपायची वाट पाहतात, यांनी तर मासळी आधीच आणून बसवलीय.

रविवारी दुपारच्या गाडीने पाहुणे उतरले. वाटेत गोपीनाथ अर्धं बोले आणि उरलेलं चालून दाखवी. घरी पोचताच तो त्यांना परसात घेऊन गेला. कुंडीत दगड होता. पलीकडे धुण्याच्या दगडाशी राखेचा ढीग होता, आणि स्वयंपाकघरातून आमसुलाचा वास येत होता.

"अगं, निवट्या?"

"काल अमावास्या झाली. श्रावण संपला," सुमती म्हणाली. "राखेने नीट चोळून घेतल्यात. पान वाढू ना?"

कचेरीच्या कॅलेंडरातली तारीख गोपीनाथाला तोंडपाठ होती. तिथी त्याने पाहिलीच नव्हती.

श्रीपादराव दोनदा भात घेऊन जेवले. गोपीनाथाने निवट्या पानाच्या कडेला सारल्या. तो मधेच उठला. "खाडीवर चला."

"या वेळी भरती असेल ना?"

भरतीच होती. चिखल सगळा बुडाला होता. पाहुण्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, मग तसंच हातात धरून ठेवलं. समोरच्या तिवराच्या खोडावर, पाण्याच्या वीतभर वर, एक निवटी चिकटून बसली होती. पाणी चढलं तशी तीही वर सरकली.

"हा मासा पाणी चुकवतोय," श्रीपादराव म्हणाले.

"हो."

"मग ही बाहेर आलीय म्हणायची की परत निघालीय?"

"तेच तर विचारायचं होतं तुम्हाला," गोपीनाथ म्हणाला.

पाहुण्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. पुन्हा येतो, म्हणाले. कुंडी मात्र भरलेली असू द्या.

संध्याकाळच्या ओहोटीला गोपीनाथ टोपली घेऊन निघाला.

"आणा खुशाल," सुमती म्हणाली. "आता गणपती येतील. घरात गणपती असेतो त्यांच्या जिवाला भीती नाही."

गोपीनाथ समाधानाने दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. त्यांचा गणपती दीड दिवसाचा होता.