निघणाऱ्याला विचारू नये

आमची डाळमिल जळगावात आहे आणि तूर बरीचशी आफ्रिकेतून येते. त्यामुळे आयात मालाची माहिती आगाऊ देण्याचा नवा नियम येतोय म्हटल्यावर, हरकती ऐकण्याच्या सभेला मी आणि माझे वडील, म्हणजे आबा, दोघेही गेलो. नियम सोपा होता. परदेशात माल जहाजावर चढण्याआधीच आत काय आहे, कुणाचं आहे आणि कुठे चाललंय, हे कस्टमला कळवायचं.

व्यापाऱ्यांना तो अजिबात पटला नाही. एकजण म्हणाले, माल निघण्याआधीच बोभाटा झाला तर भाव पडेल. दुसरे म्हणाले, तिकडचा विकणारा शेवटपर्यंत पोती बदलतो, चुकलं तर दंड आमच्या बोकांडी. अधिकारी तरुण होते. प्रत्येकाला शांतपणे "नोंद घेतली" म्हणत होते. चहा आला तेवढा वेळ विरोध थांबला. मग आबा उठले.

"साहेब, घरथून निंघणारा माणूसले कोठे चालना आसं इचारतस नही. नाट लागस. तुम्ही ते आख्खा जहाजले इचारी राहिनात."

कुणी हसलं नाही. उलट मागच्या रांगेत माना डोलल्या. अधिकाऱ्यांनी शेजारच्याला अर्थ विचारला. नाट म्हणजे अपशकुन, असं कळल्यावर ते म्हणाले, "नोंद घेतली."

मला मात्र संताप आला. आमच्या घरात आबांना कुठे जाताय, असं कुणी विचारत नाही. फार तर "लांब का?" म्हणायचं, त्यांनी "हां" म्हणायचं, संपलं. त्यांना शुगर आहे, आणि मोबाईल ते चार्जरलाच ठेवून जातात. गेल्या उन्हाळ्यात असेच गेले आणि संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. आम्ही भुसावळचं स्टेशन आणि दवाखाने पालथे घातले. आबा भडगावला चहाच्या टपरीपाशी चक्कर येऊन पडले होते. टपरीवाल्यानं साखर चारली म्हणून वाचले. घरी आणल्यावर आई देवघरात जाऊन रडली.

मी उठलो आणि म्हणालो, नियम हवाच. काय कुठे चाललंय ते ठाऊक नसलं, तर हरवल्यावर शोधायचं कुठे? भुसावळला की भडगावला?

सभेला भडगावचा संबंध कळला नाही. अधिकाऱ्यांनी त्याचीही नोंद घेतली. परतताना आबा गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिले.

नियमाचं अजून काही कळलेलं नाही. पण त्याच आठवड्यात एका सकाळी आबा चपला घालून दारात थांबले आणि कुणी न विचारता, भिंतीकडे बघत म्हणाले, "साक्रीले चालनू. बहीणकडे. सांजले यी जासू."

आई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, त्यांना परत आत बोलावून बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. नाट लागली की घटकाभर बसून, पाणी पिऊन निघायचं असतं. आबा निमूट बसले, पाणी प्यायले आणि गेले.

ते वळणाआड गेल्यावर आईनं साक्रीला माझ्या आत्याला फोन लावला. "निंघनात. आंगमा धवळा सदरा शे, खिसामा खडीसाखर शे. दुपारलोंग येतीन. स्टँडवर कोनले तरी धाड."

फोन ठेवून तिनं पदरानं डोळे पुसले आणि राहिलेल्या भाकरी थापायला बसली.